रोवणीचे दिवस आणि रक्तातील साखर

आषाढसरींनी जोर धरला की गोंदिया जिल्ह्यातील बांध्या पाण्याने भरतात, चिखलणी होते आणि रोवणीस आरंभ होतो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून विभक्त होऊन अस्तित्वात आलेला हा जिल्हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा म्हणून सर्वश्रुत आहे. तिरोड्यापासून देवरीपर्यंत आणि सालेकशापासून अर्जुनी मोरगावपर्यंत, जुलै व ऑगस्ट या दोन महिन्यांत घरातील प्रत्येक हाताला काम असते. पुरुष चिखलणी करतात, पऱ्ह्यांच्या जुड्या बांधीपर्यंत वाहून नेतात. स्त्रिया कंबरेत वाकून, पोटरीभर चिखलात मागे मागे सरत दिवसभर रोवणी करतात. या राबणाऱ्या मंडळींमध्ये मधुमेहाने ग्रस्त असलेले बंधुभगिनीही असतात. त्यांच्यासाठी हे दोन महिने वर्षातील इतर दिवसांपेक्षा वेगळे असतात, आणि त्याची जाणीव ना त्यांना असते, ना बहुधा त्यांच्या डॉक्टरांना.

मधुमेह हा बसून काम करणाऱ्या शहरी, सधन आणि स्थूल माणसांचा आजार आहे, हा समज आता सोडून द्यावयास हवा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील प्रौढांपैकी ११.४ टक्के व्यक्तींना मधुमेह आहे. शहरांत हे प्रमाण १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के आहे. म्हणजे खेड्यातील साधारणतः दर अकरा प्रौढांमागे एक. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तर भारतीय माणूस दिसायला सडपातळ असला तरी त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण अधिक असते, हे अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवून दिले. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुढे २०२५ साली बँकॉक येथील परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी निगडित मधुमेहास ‘पाचवा प्रकार’ म्हणून मान्यता दिली. कृश अंगाच्या, बालपणी पुरेसे अन्न न मिळालेल्या गरीब माणसालाही मधुमेह होतो, हे त्यामुळे अधिकृतपणे मान्य झाले.

अशा रुग्णास दवाखान्यात जो सल्ला मिळतो तो तिहेरी असतो: पथ्य पाळा, गोळ्या वेळेवर घ्या, व्यायाम करा. पहिल्या दोन गोष्टी रुग्ण लक्षपूर्वक ऐकतो. तिसरी ऐकून शेतकरी स्त्री मनातल्या मनात हसत असेल. व्यायाम म्हटले की पांढरे बूट घालून सकाळी बागेत फेऱ्या मारणारे गृहस्थ डोळ्यांसमोर येतात. रोवणीला कोणी व्यायाम म्हणत नाही. स्नायूंना मात्र हा भेद कळत नाही. सहा-सात तास वाकून चिखलात पाय उचलणे हा त्यांच्या दृष्टीने दीर्घ मुदतीचा व्यायामच होय. भेद आहे तो दुसराच. बागेत फिरणारा मनुष्य किती वेळ चालायचे, केव्हा थांबायचे, आधी काय खायचे हे स्वतः ठरवतो. रोवणीची मजूर स्त्री यांतील काहीच ठरवीत नाही. बांधी संपेपर्यंत ओळ सोडता येत नाही, शिदोरी सर्वांची सुटेल तेव्हाच सुटते, आणि ‘मला घेरी येते’ असे म्हटले तर उद्या बोलावणे येईल की नाही याची धास्ती असते. औषधाची मात्रा ठरवताना डॉक्टरांपुढे जो दिनक्रम गृहीत असतो, तो हा नव्हे.

श्रमाने साखर का उतरते

एका प्रौढ व्यक्तीच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते आणि निरोगी अवस्थेत त्यात एका वेळी पाच ग्रॅमच्या आसपासच साखर असते, म्हणजे चहाचा एक चमचा. एकट्या मेंदूला दिवसभरात सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. तेव्हा हा चमचा यकृताकडून अखंड भरला जात असतो. श्रम सुरू झाले की स्नायू आपली मागणी पुढे करतात. विश्रांतीच्या वेळी स्नायूंच्या पेशींचे दार उघडण्यासाठी इन्सुलिन लागते. परंतु स्नायू काम करू लागला की हे दार इन्सुलिनवाचूनही उघडते. म्हणूनच ज्यांच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम मंदावला आहे, अशा रुग्णांना श्रम हे औषधासारखे उपयोगी पडतात. निरोगी माणसात त्याच वेळी स्वादुपिंड इन्सुलिन कमी करते आणि यकृत अधिक साखर सोडते, त्यामुळे तोल सांभाळला जातो. मधुमेहाच्या रुग्णाने सकाळी घेतलेली गोळी किंवा टोचून घेतलेले इन्सुलिन मात्र मागे घेता येत नाही. ते आपले काम करीतच राहते. स्नायू आपले काम करतात. आणि दोहोंच्या ओढीत रक्तातील तो चमचा रिता होऊ लागतो.

ही गोष्ट वैद्यकशास्त्रास फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इन्सुलिनचा शोध १९२१ साली लागला आणि त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, १९२६ साली, लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स यांनी व्यायामामुळे इन्सुलिनचा परिणाम वाढतो हे प्रयोगाने दाखवून दिले. ते स्वतः मधुमेहाचे रुग्ण होते व इन्सुलिनवरच जगत होते. त्याही पूर्वी, कित्येक शतकांपूर्वी, सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या निर्धन रुग्णास शंभर योजने पायी चालण्याचा, अथवा विहिरी खणण्याचा उपाय सांगितला आहे. श्रीमंताला पथ्याचे धान्य आणि गरिबाला विहीर खणणे, ही वाटणी आजच्या वाचकास खटकेल खरी. परंतु कष्टाने साखर उतरते हे निरीक्षण त्यात स्पष्ट आहे. मात्र त्या रुग्णाला पादत्राणाविना चालण्यास सांगितले आहे. तेवढा भाग आज कोणीही अनुसरू नये, त्याचे कारण पुढे येईल.

कोणास धोका आहे, कोणास नाही

सर्वच रुग्णांना रोवणीत साखर उतरण्याचे भय नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. अन्यथा भीतीपोटी लोक खातच सुटतील आणि साखर वाढवून घेतील. ज्यांना केवळ मेटफॉर्मिन चालू आहे, किंवा त्यासोबत सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या वर्गातील गोळी आहे, त्यांची साखर श्रमाने धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याची शक्यता अत्यल्प असते. त्यांनी नेहमीचे जेवण वेळेवर घ्यावे, पाणी भरपूर प्यावे आणि निःशंक मनाने कामास जावे. कामासाठी म्हणून त्यांना वेगळे गोड खाण्याची आवश्यकता नाही.

धोका आहे तो दोन प्रकारच्या रुग्णांना: इन्सुलिन घेणाऱ्यांना, आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड ही औषधे घेणाऱ्यांना. ही औषधे स्वस्त व प्रभावी आहेत आणि म्हणूनच ग्रामीण भागात मोठ्या प्रमाणावर लिहून दिली जातात. एकाच गोळीत मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड एकत्र असण्याचीही पद्धत आहे. त्यामुळे रुग्णास आपण केवळ ‘साखरेची गोळी’ घेतो एवढेच ठाऊक असते. आपल्या गोळीच्या पाकिटावरील नाव आरोग्यसेविकेकडून किंवा औषध दुकानदाराकडून वाचून घेणे, ही रोवणीपूर्वीची पहिली तयारी होय. मूत्रपिंड कमकुवत झालेल्या रुग्णांमध्ये या वर्गातील औषधांचा अंश शरीरात अधिक काळ रेंगाळतो. त्यांनी तर विशेष सावध असावे.

इन्सुलिनच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. दिवसातून दोन वेळा घ्यावयाचे ३०/७० प्रमाणातील मिश्र इन्सुलिन आपल्याकडे सर्रास वापरले जाते. त्यातील सत्तर टक्के भाग संथ असतो. सकाळी आठला टोचलेल्या सुईचा हा संथ भाग दुपारच्या सुमारास ऐन भरात येतो, म्हणजे नेमका तेव्हा, जेव्हा सकाळचा भात जिरून गेलेला असतो, शिदोरी सुटायची असते आणि बांधी अर्धी राहिलेली असते. दुपारचे जेवण तासभर लांबले तर घरी बसलेल्या माणसाचे फारसे बिघडत नाही. शेतात असलेल्याचे बिघडू शकते. शिवाय ज्या अवयवाला श्रम पडणार आहेत तेथे सुई घेऊ नये. तेथील रक्तप्रवाह वाढून इन्सुलिन लवकर शोषले जाते. रोवणीच्या दिवसांत मांडीऐवजी पोट बरे.

घाम कोणाला येत नाही?

रक्तातील साखर ७० मिलीग्रॅमच्या खाली आली की शरीर इशारे देऊ लागते: दरदरून घाम, हातपाय कापणे, छातीत धडधड, पोटात खड्डा पडल्यासारखी भूक, डोळ्यांपुढे अंधारी. आणखी खाली गेल्यास मेंदूला ग्लुकोज अपुरे पडून जीभ जड होते, बोलणे असंबद्ध होते, माणूस चिडतो, भांडतो आणि शेवटी बेशुद्ध पडतो. पुस्तकात ही यादी वाचताना सारे स्पष्ट वाटते. आता हीच लक्षणे श्रावणातील दमट दुपारी बांधीत काम करणाऱ्या दहा स्त्रियांच्या रांगेत शोधून पाहावीत. घाम दहाही जणींना आलेला असतो. हातपाय दहाही जणींचे थकलेले असतात. भूक सर्वांनाच लागलेली असते. साखर उतरल्याच्या खुणा आणि कष्टाच्या खुणा एकच असल्यामुळे रुग्णाला स्वतःलाही फरक कळत नाही. ‘थोडे राहिले, एवढी ओळ पुरी करू’ असे म्हणत ती पुढे रेटत राहते. रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी औषधे चालू असतील तर धडधड आणि कंप हे इशारे आणखीच दबून जातात. आणि बोलणे असंबद्ध होऊ लागले की पाहणाऱ्यांना वाटते, उन्ह लागले, किंवा दारू प्यायली आहे, किंवा अंगात आले आहे.

म्हणून शेतातील नियम घरच्यापेक्षा वेगळा असावा, असे आमचे मत आहे. शंका आली की तपासणीची वाट न पाहता आधी साखर तोंडात टाकावी. साखर मुळात उतरलेली नसेल तर तीन चमच्यांनी होणारे नुकसान नगण्य आहे. उतरलेली असेल आणि दिली नाही, तर मनुष्य पाण्याने भरलेल्या बांधीत तोंडघशी पडू शकतो. गुडघाभर पाणीही बेशुद्ध माणसाचा जीव घेण्यास पुरेसे असते. तलावात मासेमारीसाठी किंवा शिंगाड्यासाठी उतरणाऱ्यांना ही बाब अधिकच लागू पडते. मधुमेहाच्या रुग्णाने, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्याने, एकट्याने खोल पाण्यात जाऊ नये.

किती साखर? १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे सपाट तीन चमचे साखर अथवा ग्लुकोजची भुकटी, पाण्यात विरघळवून. पंधरा मिनिटे बांधावर बसून राहावे. बरे न वाटल्यास पुन्हा तेवढीच. बरे वाटल्यावर लगेच बांधीत न उतरता भात, पोळी किंवा केळे असे काही टिकाऊ खावे, कारण विरघळलेली साखर तासाभरात संपून जाते. चॉकलेट, पेढा, लाडू अशा तुपातेलाच्या गोडाने साखर हळूहळू चढते. आणीबाणीत ते कामाचे नाही.

येथे एक अपवाद आहे, आणि तो रुग्णांना क्वचितच सांगितला जातो. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही औषधे घेणाऱ्यांच्या आतड्यात साध्या साखरेचे विघटन मंदावते. ती औषधे त्यासाठीच दिलेली असतात. अशा रुग्णास दुसऱ्या गोळीमुळे किंवा इन्सुलिनमुळे साखर उतरली, तर घरची साखर आणि गूळ वेळेवर उपयोगी पडत नाहीत. त्यास ग्लुकोजची भुकटीच द्यावी लागते. तिची पुडी औषध दुकानात मिळते, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पदरात किंवा कमरेच्या बटव्यात बांधावी. शिदोरीच्या डब्यात ठेवलेली पुडी दोन बांध्या पलीकडे राहते.

रुग्ण बेशुद्ध असेल, गिळू शकत नसेल, तर तोंडात पाणी, साखर काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. त्याला चिखलातून बाहेर काढून कुशीवर निजवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्यांमुळे साखर उतरलेली असल्यास, शिरेतून ग्लुकोज देऊन रुग्ण शुद्धीवर आला तरी त्यास लगोलग घरी नेण्याचा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. औषधाचा परिणाम संपलेला नसतो, काही तासांनी साखर पुन्हा उतरते. एक दिवस देखरेखीखाली राहणे आवश्यक ठरते. गोंदियास २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, परंतु देवरी किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्याच्या टोकावरील गावांपासून ते दूर पडते. म्हणून जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक घरात आधीच लिहून ठेवावा.

काम संपल्यानंतरची रात्र

दिवस सुखरूप पार पडला म्हणजे संकट टळले, असे नाही. श्रमात स्नायूंनी आपल्या साठ्यातील साखर खर्ची घातलेली असते. हा साठा भरून काढण्यासाठी ते पुढील कित्येक तास, कधी कधी चोवीस तासांपर्यंत, रक्तातून साखर ओढत राहतात. त्यामुळे सायंकाळी पाचला काम थांबले तरी साखर मध्यरात्रीनंतर उतरू शकते. झोपेत इशारे कळत नाहीत. सकाळी डोके दुखत उठणे, अंथरूण घामाने भिजलेले असणे, भयंकर स्वप्ने पडणे, झोपेत बडबडणे या त्याच्या खुणा आहेत. घरच्यांनी त्या लक्षात ठेवाव्यात. रोवणीचे पहिले तीन-चार दिवस यादृष्टीने सर्वांत नाजूक, कारण उन्हाळाभर बहुतांशी सैल पडलेल्या शरीरावर एकदम श्रमाचा भार येतो, आणि औषधाची मात्रा मात्र उन्हाळ्यातलीच असते.

दमून आलेली स्त्री कित्येकदा न जेवताच झोपी जाते. इन्सुलिन किंवा वर सांगितलेल्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे कदापि करू नये. झोपण्यापूर्वी पेलाभर दूध, किंवा थोडा भात आणि वरण पोटात असावे. उपवासाच्या दिवशी, मग तो कोणत्याही धर्माचा असो, रोवणीस जाणे आणि औषधही नेहमीप्रमाणे घेणे या दोन गोष्टी एकत्र जमणाऱ्या नाहीत.

आणि दारू. या भागात मोहफुलाची दारू हा अंगदुखीवरचा रूढ उपाय आहे. मद्य पोटात असताना यकृत नवी साखर तयार करण्याचे काम जवळजवळ थांबवते. दिवसभराच्या श्रमाने रिकामे झालेले स्नायू, गोळीचा परिणाम आणि थांबलेले यकृत, तिन्ही गोष्टी एका रात्री एकत्र आल्या तर सकाळी रुग्ण उठत नाही, आणि घरचे ‘पिऊन पडला आहे’ असे समजून त्यास तसाच निजू देतात. दारू सोडण्याचा उपदेश करण्याची ही जागा नव्हे. परंतु मधुमेहाचा रुग्ण पिऊन झोपला असेल आणि सकाळी हाक मारून उठत नसेल, तर ती नशा समजू नये. तपासणी करून घ्यावी.

पट्ट्या मोजक्याच असतील तर

ग्लुकोमीटर आता पुष्कळ घरांत पोहोचला आहे. अडचण आहे ती दर तपासणीस लागणाऱ्या पट्टीच्या खर्चाची. पुस्तकी सल्ला असा की कामापूर्वी, कामाच्या मध्ये, काम संपल्यावर आणि झोपताना तपासावे. रोजमजुरीवर जगणाऱ्यास हे परवडणारे नाही. तेव्हा आठवड्याला चार-पाचच पट्ट्या असतील तर त्या रोवणीच्या पहिल्या दोन दिवसांत वापराव्यात: सकाळी निघताना एक, आणि रात्री झोपताना एक. सकाळची साखर ९० च्या खाली असेल तर काही खाऊन, थोडे थांबून मगच निघावे. ७० च्या खाली असेल तर वर सांगितल्याप्रमाणे प्रथम साखर घ्यावी. रात्रीची साखर १०० च्या आसपास किंवा खाली असेल तर खाल्ल्याशिवाय झोपू नये, आणि दुसऱ्याच दिवशी औषधाच्या मात्रेविषयी विचारावे. शेतात इन्सुलिन घेणाऱ्यांनी दर तासा-दीड तासाने मूठ-दोन मुठी मुरमुरे किंवा एखादे केळे खात राहावे.

उलट बाजूही ध्यानात घ्यावी. साखर २५० च्या वर असेल आणि रुग्ण पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचा, म्हणजे पूर्णतः इन्सुलिनवर अवलंबून असेल, तर श्रमाने ती उतरेलच असे नाही. इन्सुलिनच अपुरे असल्यास ती वाढते आणि रक्तात कीटोन नावाची आम्ले साचू लागतात. मळमळ, पोटदुखी, धाप ही त्याची लक्षणे. अशा वेळी काम नव्हे, दवाखाना. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांमध्ये लघवीवाटे साखर व पाणी बाहेर पडते. त्या घेणाऱ्यांनी उन्हात पाण्याची हयगय करू नये.

राईस मिलमध्ये पोती वाहणाऱ्या हमाल बांधवांना कधी कधी विपरीत अनुभव येतो: काम संपल्या संपल्या तपासले तर साखर वाढलेली. थोडा वेळ, पण पूर्ण ताकद लावून केलेल्या श्रमात शरीर ॲड्रेनॅलिन सोडते आणि यकृत गरजेपेक्षा अधिक साखर ओतते. ही वाढ बहुधा तात्पुरती असते. ती पाहून घाईने जादा इन्सुलिन घेतल्यास रात्री साखर धोकादायकरीत्या उतरते.

पाय आणि रक्त

रोवणी बुटांनी होत नाही. दिवसभर पाण्यात भिजून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी सुटते. जुन्या मधुमेहात पायांची संवेदना बोथट झालेली असते. धसकट घुसले, शिंपल्याने कापले तरी कळत नाही, आणि आठवड्याभराने कळते तेव्हा बोट काळे पडलेले असते. सायंकाळी पाय स्वच्छ धुऊन, बेचक्यांतून कोरडे पुसून, दिव्याच्या उजेडात तळवे पाहावेत. स्वतःला वाकून दिसत नसेल तर नातवंडांना पाहावयास सांगावे. ज्यांच्या पायाला आधीच जखम आहे त्यांनी त्या वर्षी बांधीत उतरू नये. बांधावरून जुड्या पुरविणे, स्वयंपाक, शिदोरी पोहोचविणे ही कामेही रोवणीचीच आहेत.

पूर्व विदर्भातील वाचकांसाठी आणखी एक बाब विशेष महत्त्वाची आहे. मागील तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी एचबीए१सी ही तपासणी आता सर्वत्र होते, आणि तिच्या आधारे औषधाची मात्रा ठरते. ही तपासणी तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात या गृहीतकावर उभी आहे. सिकलसेल आजारात या पेशी अवघ्या दोन-तीन आठवड्यांत नष्ट होतात. त्यामुळे साखर प्रत्यक्षात जास्त असूनही अहवाल कमी दाखवतो. सिकलसेलच्या केवळ वाहक असलेल्या व्यक्तींतही काही यंत्रांवर आकडा चुकू शकतो. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाल्यापासून अनेकांकडे तपासणीचे कार्ड आहे. मधुमेहाच्या डॉक्टरांना ते कार्ड दाखवावे, आणि तेथे बोटाच्या थेंबावरील साखरेलाच प्रमाण मानावे. दीर्घ श्रमात पाणी कमी पडणे हे सिकलसेलच्या रुग्णास तर घातकच, वाहकासही अपायकारक ठरू शकते.

डॉक्टरांना काय सांगावे

क्रिकेटपटू वसीम अक्रम यांना १९९७ साली मधुमेह झाला आणि त्यानंतरही इन्सुलिन घेत ते २००३ पर्यंत आंतरराष्ट्रीय सामने खेळले. त्यांच्याकडे सामन्यांचे वेळापत्रक होते, सोबत वैद्यकीय पथक होते. रोवणीच्या मजुराकडे वैद्यकीय पथक नसते, परंतु वेळापत्रक असते, आणि ते वर्षानुवर्षे ठरलेले आहे. उन्हाळी धानाची रोवणी जानेवारी-फेब्रुवारीत, मोहफूल वेचणी मार्च-एप्रिलमध्ये, तेंदूपाने मे महिन्यात, खरिपाची रोवणी जुलै-ऑगस्टमध्ये, कापणी दिवाळीच्या आगेमागे. तेंदूच्या हंगामात पहाटे उपाशीपोटी जंगलात जावे लागते, म्हणून तेथे सकाळच्या गोळीची वेळच वेगळी ठरवून घ्यावी लागते. शिवाय पारा ४२ अंशांपुढे जातो तेव्हा इन्सुलिनची कुपी घरात उघड्यावर टिकत नाही. फ्रीज नसल्यास ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, कुपीला पाणी लागणार नाही अशा रीतीने ती ठेवावी.

हे वेळापत्रक प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना तोंडाने सांगावे. जूनच्या तपासणीस जाताना ‘पुढच्या आठवड्यापासून मी रोवणीला जाणार आहे, दुपारचे जेवण दोनला होईल’ एवढे एक वाक्य पुरेसे आहे. ग्लिमेपिराइडची मात्रा कमी करणे, किंवा काही दिवस बंद ठेवणे, सकाळच्या इन्सुलिनमध्ये कपात करणे हे निर्णय डॉक्टरांनीच घ्यावयाचे आहेत. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत श्रमाच्या तीव्रतेनुसार व कालावधीनुसार जेवणाआधीचे इन्सुलिन पाव हिश्शापासून पाऊण हिश्शापर्यंत कमी करण्याची मुभा आहे. मात्र पहिल्या प्रकारच्या रुग्णाने इन्सुलिन पूर्णपणे कधीही बंद करावयाचे नसते. आश्रमशाळेत शिकणारे एखादे मूल इन्सुलिनवर असेल, तर मैदानावरील तासाची वेळ त्याच्या डॉक्टरांना कळवावी, आणि शिक्षकांच्या खिशात ग्लुकोजची पुडी असावी. घेरी आलेल्या मुलास एकट्याने वसतिगृहात पाठवू नये.

रोवणी आटोपून माणसे घरी बसली की दोन आठवड्यांत साखर पुन्हा वर चढू लागते, कारण श्रमाचा स्नायूंवरील परिणाम दोन-तीन दिवसांच्या पलीकडे टिकत नाही. कमी केलेली मात्रा तेव्हा पूर्ववत करावी लागते. पोळ्याच्या सुमारास आरोग्य केंद्रात एक फेरी त्यासाठी राखून ठेवावी.